आहेर आणू नये

मार्च संपता संपता आमच्या खोलीची भिंत दिवेलागणीनंतरही हाताला चटका देऊ लागते, तेव्हा उन्हाळा आला हे मला कळतं. कॅलेंडर बघावं लागत नाही. तिसरा मजला, वर गच्ची, गच्चीवर सोलापूरचं ऊन. माझा नवरा सुधीर संध्याकाळी क्लास घेऊन आला की आधी गच्चीवर जाऊन तिथं पसरलेल्या पोत्यांवर पाणी मारतो. नळाला पाणी यायचा दिवस लांब असेल तर तेही नाही, नुसतंच पोत्यांकडं बघून खाली येतो. सई फरशीवर पालथी पडते. एक गाल टेकवते, तिथली फरशी तापली की सरकून दुसरा. पुढच्या आठवड्यात ती तीन वर्षांची होईल.

आणि ऊन तापलं की तो कागद आठवतोच. यंदा आठवायचीही गरज पडली नाही, सरांचाच फोन आला. सर म्हणजे आमच्या संघटनेतले सगळ्यात ज्येष्ठ, शाळेतून निवृत्त झालेले, अजून खडूच्या आवाजात बोलणारे. म्हणाले, "अगं, तुझं ते साध्या वाढदिवसाचं पत्रक होतं ना, अकरा कलमी? पुन्हा छापू या. लोकांना आदर्श लागतो समोर."

मी म्हणाले, "बघते सर."

मी 'बघते' म्हणणारी बाई नव्हते. व्हय तर व्हय, न्हाय तर न्हाय, आमच्या गावात असंच बोलतात. पण फोन ठेवल्यावर मी पाच मिनिटं भिंतीला पाठ लावून उभी होते आणि भिंत तापलेली आहे हे पाठीला नंतर कळलं.

त्याच दिवशी सईच्या बालवाडीचा निरोप आला. वाढदिवसाला बालिकेनं रंगीत फ्रॉकमध्ये यावं, सोबत सगळ्या मुलांना रिटर्न गिफ्ट आणावीत, गिफ्ट एकसारखी असावीत. जिन्यात खालच्या मजल्यावरच्या लक्ष्मीअक्का भेटल्या. यांचं घर तेलुगू, पण सोलापुरी मराठी माझ्यापेक्षा कडक. "काय ताई, यंदा थीम काय ठेवलाव? गेल्यागेल्या वर्षी कलिंगड ठेवलावतं, आमच्या नातवाला अजून आठवतंय बघा." आणि पदर तोंडाला लावून हसल्या.

चिडायला तुला कारण लागत नाही, असं सुधीर म्हणतो. पण कारणं आहेत की! आमच्या चौकात एक वर्षाच्या पोराचा दुमजली फ्लेक्स लागतो. पोराच्या डोळ्यांवर गॉगल, मनगटात कडं, खाली शुभेच्छुकांचे ओळीनं फोटो, सगळे हात जोडलेले. ज्याला स्वतःचं नाक पुसता येत नाही त्याच्या नावापुढं 'युवा नेते'. त्या फ्लेक्समुळं सिग्नल दिसत नाही. सिग्नल दिसत नाही म्हणून माणसं एकमेकांच्या अंगावर गाड्या घालतात आणि पुन्हा वर बघून विचारतात, कुणाचा वाढदिवस आहे हो?

त्या उन्हाळ्यात, म्हणजे सई एक वर्षाची होणार होती तेव्हा, आम्ही एका हॉलमधल्या वाढदिवसाला गेलो होतो. सुधीरच्या क्लासमधल्या कुणाचा तरी मुलगा. फुग्यांची कमान, कमानीखाली सिंहासन, सिंहासनावर थ्री-पीस सुटातलं मूल. त्याला झोप आली होती. मान एकदा डावीकडं पडायची, एकदा उजवीकडं. फोटोवाला म्हणाला, "बाळाला जरा उठवा की, डोळे बंद येऊ लालेत." मग आईनं त्याच्या गालावर ओला रुमाल फिरवला. त्यानं डोळे उघडले, समोर पाव खोलीएवढा केक, केकवर फटाका, फटाका फुटला आणि ते मूल असं किंचाळलं की माझ्या मांडीवरची सईही किंचाळली. केक तीनदा कापला. दोनदा फोटो नीट आला नाही म्हणून. ती आई शेवटी कोपऱ्यात पंख्याखाली येऊन बसली, तेव्हा तिच्या साडीच्या निऱ्यांवर पोरानं ओकलेलं होतं आणि ती मला म्हणाली, "सगळं नीट झालं ना हो? काही कमी दिसलं का?"

मला तिची कीव आली, आणि कीव आली की मी पत्रक लिहिते.

पण त्या उन्हाळ्याबद्दल सांगत होते. त्या उन्हाळ्यात मी घरात होते. घरात होते हे लिहायला सोपं आहे. त्याआधी पाच वर्षं मी चौकात होते. स्टुलावर उभं राहायचं, बोलायचं, पत्रकं वाटायची. फ्लेक्सच्या विरोधात, डीजेच्या विरोधात, लग्नातल्या उधळपट्टीच्या विरोधात. आवाज बसला तर खडीसाखर. आता सकाळी दहाला दारं-खिडक्या लावायच्या, खिडकीला ओली चादर टांगायची आणि सहापर्यंत आत. चादर तासाभरात खडखडीत. कूलर होता, पण कूलरला पाणी लागतं. सईच्या मानेवर घामोळं उठलेलं. खाली ठेवली की रडायची, उचलली की माझा घाम आणि तिचा घाम एक व्हायचा. मीटिंगचे निरोप यायचे, "तिला घेऊन ये की." कुठं आणू? भर बारा वाजता, पत्र्याच्या शेडमध्ये? मी गॅलरीच्या दाराच्या फटीतून रस्ता बघायची. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसायचं. जगात एवढा अन्याय चाललाय आणि मी भाताची पेज भरवतेय, म्हणून स्वतःचा राग यायचा. मग पोरगी तोंड पुढं करायची, आणि त्या रागाचाही राग यायचा.

हॉलमधून आल्यावर दुसऱ्या दुपारी सई झोपली आणि मी कागद घेतला. कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदा छाती भरून श्वास घेतल्यासारखं वाटलं. 'आमच्या कन्येचा प्रथम वाढदिवस आम्ही साधेपणाने साजरा करीत आहोत.' पुढं कलमं. केक कापला जाणार नाही, कलिंगड कापले जाईल. फुगे नाहीत. औक्षण नाही, कारण मुलगा-मुलगी, सवाष्ण-विधवा हा भेद आम्ही मानत नाही. रिटर्न गिफ्ट नाही. फोटोसाठी बाळाला झोपेतून उठवले जाणार नाही. अशी दहा. आणि अकरावं, जाड अक्षरात: आहेर व भेटवस्तू आणू नयेत, आणल्यास नम्रपणे परत केल्या जातील.

सुधीरनं वाचलं. पुन्हा वाचलं. "मने, हे आमंत्रण आहे की नोटीस?"

"यात चूक काय आहे ते सांग."

"चूक काही नाही. पण हे वाचून मलाच यायची भीती वाटायलीय, आणि मी बाप आहे."

सरांना पत्रक फार आवडलं. ते म्हणाले, आपण याचा नमुना कार्यक्रम करू. कार्यकर्ते येतील, फोटो काढू, बाळाच्या हस्ते वृक्षारोपण करू. मी म्हणाले, सर, एप्रिलात? सर म्हणाले, प्रतीकात्मक. तेव्हा मला काही वाटलं नाही. आज वाटतं, एप्रिलात सोलापुरात रोप लावायचं म्हणजे त्या रोपाला फोटोपुरतं जगवायचं. आणि पोरीला सिंहासनावरून उतरवून मी नेमकं कुठं बसवत होते? तिकडं सूट, इकडं खादीचं झबलं. तिकडं काही कमी दिसलं का, इकडं काही जास्त दिसलं का. वाढदिवसाच्या आदल्या आठवड्यात मी घरातला प्लास्टिकचा खुळखुळा माळ्यावर लपवला, कार्यकर्त्यांना दिसेल म्हणून. सई दोन दिवस तो शोधत होती.

आता माझ्या भावाच्या लग्नाचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

सांगोल्याच्या पुढं आमचं गाव. थोडी डाळिंबाची बाग, थोडी मेंढरं, बाकी माळ. वडील मी शाळेत असतानाच गेले. आईनं मेंढरांमागं फिरून दादाला आणि मला वाढवलं. दादाचं लग्न ठरलं तेव्हा मी सोलापुरात शिकत होते आणि संघटनेत नवी होते. नवा माणूस जास्त कडवा असतो. मांडव, डीजे, जेवणावळ हे सगळं कळल्यावर मी दादाला फोनवर समजावलं. तो म्हणाला, "आईची हौस हाय, तू गप." मी गप बसले नाही. लग्नाला जाताना पिशवी भरून पत्रकं घेऊन गेले.

आमच्याकडं मांडवात मंगलाष्टकांचे छापील कागद वाटायची पद्धत आहे. आत्या, मावश्या, पाव्हणे आपापल्या नावानं छापून आणतात. लोकांना वाटलं, करवलीनं आणलेत. एका चुलत्यांनी तर कौतुकानं एक कागद माईकवाल्याला नेऊन दिला. अंतरपाट धरलेला, अक्षता मुठीत, माईकवाल्यानं घसा खाकरला आणि मंगलाष्टकाच्या चालीत सूर लावून म्हटलं, "बंधूऽ भगिनींनोऽ, लग्न हा बाजार आहे काऽय..."

आधी कुणीतरी हसलं. मग सगळा मांडव हसला. मग हसायचं थांबलं, आणि ते फार वाईट होतं. वहिनी अंतरपाटापलीकडं होती, तिचं तोंड मला दिसलं नाही. दादाचं दिसलं.

आईनं मला मांडवामागं वाघरीपाशी, मेंढरं कोंडायच्या जाळीपाशी नेलं. ओरडली नाही. म्हणाली, "तुजं समदं खरं आसंल मने. पर आजचा दिस माझा हुता."

मी म्हणाले, "सत्याला दिवस नसतो, आई."

हे वाक्य मी आदल्या आठवड्यातल्या भाषणात वापरलं होतं. टाळ्या पडल्या होत्या.

त्यानंतर माझं लग्न नोंदणी कार्यालयात झालं. दोन हार, तीन साक्षीदार. घरी एका ओळीत कळवलं. माहेरून कुणी आलं नाही. आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी करतात. माझं सोलापुरातच झालं, गावाकडं ते पाव्हण्यांच्या तोंडून कळलं. सुधीरनं शेक-शेगडी सगळं केलं, यूट्यूबवर बघून. कुणी विचारलं की मी म्हणायची, बरंच झालं, नसत्या रूढीतून सुटलो. एकदा असं म्हणून मी न्हाणीत गेले आणि आवाज जाऊ नये म्हणून नळ सोडून रडले. नळाला पाणी नव्हतं. त्यामुळं सगळं बाहेर ऐकू गेलं.

तर त्या उन्हाळ्यात वाढदिवसाचं पत्रक सगळ्यांना फोनवर पाठवताना माझं बोट दादाच्या नावावर थांबलं. टाइप केलं, 'दादा, सईचा वाढदिवस आहे. ये. आईला आण.' वाचून बघितलं. अर्ज केल्यासारखं दिसत होतं. पुसलं. आणि पत्रकच पाठवलं. माझ्या लग्नानंतर भावाला पाठवलेली ती पहिली गोष्ट. मला पत्रकाची भाषा येत होती आणि दुसरी कुठली सुचत नव्हती. पण मला ती दोघं यायला हवी होती. हे मी सुधीरलाही सांगितलं नाही. बाकी कोण येतं, कोण नाही, कलिंगड गोड निघतं की पांढरं, मला कशाचंही काही नव्हतं. मला माझी आई त्या तापलेल्या खोलीत यायला हवी होती.

संध्याकाळी मेसेजखालच्या दोन टिकल्या निळ्या झाल्या, म्हणजे त्यानं वाचलं. उत्तर नाही. पुढचे आठ दिवस मी त्या दोन निळ्या टिकल्यांबरोबर कोंडलेली होते. पेज करताना बघायची, चादर भिजवताना बघायची. एकदा सईनं फोन तोंडात घातला आणि मी तिच्यावर ओरडले, केवढ्यांदा ओरडले. ती माझ्याकडं बघत राहिली, रडायचंही विसरून. साधा वाढदिवस! पोरीवर ओरडणारी आई, माळ्यावर लपवलेला खुळखुळा, आणि दारामागं चिकटवलेली अकरा कलमं.

वाढदिवस नेमका पाण्याच्या दिवशी आला. ज्यांच्याकडं रोज पाणी येतं त्यांना हे समजणार नाही. पाण्याच्या दिवशी आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी जन्मत नाही, कुणी मरत नाही, सगळे भरतात. साडेदहाला पाणी सुटलं. जिन्यातून वरपर्यंत नळ्यांचे वेटोळे, मोटारींची घरघर, अक्कांचा आवाज, "ओ सुधीर, तुमचा पाइप निसटायलाय बघा!" सुधीर खाली. मी वर, एका हातात सई, दुसऱ्या हातानं पिंपातली नळी धरलेली. सर आणि कार्यकर्ते पाचला येणार होते.

दार उघडंच होतं. मान वळवली तर उंबऱ्यापलीकडं दादा. पांढरा शर्ट, खांद्यावर टॉवेल. चपला काढून उभा. केसांत थोडं पांढरं दिसलं. माझ्यापेक्षा तीनच वर्षांनी मोठा आहे तो.

"मार्केटला आलो हुतो," तो म्हणाला. "डाळिंबं घिऊन."

"ये की दादा. बस."

"बसाया न्हाय आलो." आणि बसला.

मी नळी पिंपात खोचली. पाणी दिलं. तो तांब्याभर एका दमात प्यायला, दुसराही. सईला मी पलंगाला धरून उभं केलं होतं. ती कड धरत धरत सरकली, पलंग संपला, मग तिनं दादाचा गुडघा धरला. दादानं पटकन दोन्ही हात वर घेतले, कोकरू अंगाला घासायला लागलं की नव्या कपड्यातला माणूस घेतो तसे.

"घे की तिला."

"आसं कसं घिऊ? रिकामा हाय मी."

"मग काय झालं?"

"मामा हाय मी तिचा. पयल्यांदा बघतोय. हातावर काय ठिवल्याबिगर उचलायचं व्हय?"

झालं. मला आयतंच मिळालं. मी सुरू झाले. की दादा, हेच तर म्हणणं आहे माझं, मूल म्हणजे काय टोलनाका आहे, काहीतरी टाकल्याशिवाय पुढं जाता येत नाही? की या देण्याघेण्यामुळंच माणसं एकमेकांकडं जायची बंद झालीत. की तू रिकाम्या हातानं आलास याचा मला अभिमान आहे. हो, असं म्हणाले मी, अभिमान. बरोबर बोलत होते. प्रत्येक वाक्य बरोबर होतं. आठ दिवस कोंडलेलं सगळं त्या माणसावर ओतत होते, आणि तो गुडघ्याला लोंबकळणाऱ्या पोरीकडं बघत दोन्ही हात वर धरून बसला होता, पोलिसांनी पकडल्यासारखा.

मध्येच उठून तो खिडकीकडं गेला. टांगलेली चादर सारून खाली बघितलं. परत येऊन बसला. मी बोलत होते. पुन्हा उठला, पुन्हा बघितलं.

"गाडी कुणी नेत नाही इथून, बस."

"सावली सरली," तो म्हणाला.

"डाळिंबं तापतील म्हणतोस?"

"डाळिंबं पाटंच उतरली मार्केटात."

पिंप भरून पाणी फरशीवर आलं होतं. मी नळी बादलीत टाकली, आणि तेवढ्या वेळात तो बोलला. माझ्याकडं न बघता, सईकडं बघत बोलला. "तूच लिवलंस न्हवं, आनलं तर परत करनार? तुज्या लिवन्यापरमानं आलो. रिकामा. तरीबी तुजं भाषन हायच. मग मानसानं तुज्या दारात यायचं तरी कसं, त्ये बी छाप की एकदा."

 चौकात कुणी असं विचारलं असतं तर माझ्याकडं उत्तर असतं.

सईनं गुडघा सोडला आणि ती धपकन ओल्या फरशीवर बसली. त्याचा टॉवेल खांद्यावरून लोंबत होता, तिनं त्याचं टोक ओढलं. टॉवेल तिच्या तोंडावर पडला. ती आतून हसली. दादानं टॉवेल उचलला, आणि उचलता उचलता त्याचं एक बोट तिच्या मुठीत गेलं. ते मात्र त्यानं काढून घेतलं नाही.

"मने," तो म्हणाला, "आई खाली हाय."

"कुठं?"

"गाडीत."

"कधीपासनं?"

"मी वर आलो तवापासनं. म्हनली, आदी तू जा, रागरंग बघ. परतच करनार आसली तर मला वर चढवू नगो."

मी घड्याळ बघितलं नाही. बघायची हिंमत नव्हती. अख्खं पिंप भरून वाहेपर्यंत मी बोलत होते, एवढं मला माहीत होतं. सईला उचललं आणि जिना उतरायला लागले. पायऱ्यांवर नळ्या, पाणी, घसरडं. दुसऱ्या मजल्यावर सुधीर चिंब भिजलेला. "काय झालं? काय झालं?" मी त्याच्या बाजूनं उतरत राहिले. तळमजल्यावर अक्का ओरडल्या, "ओ ताई, चप्पल!"

चप्पल नव्हती. डांबर तळव्याला चिकटत होतं.

पिकअप भिंतीला लावून उभा. सकाळी तिथं सावली असते. आता चाकापुरती उरली होती. काच खाली केलेली. आत आई, ताठ बसलेली, डोक्यावर पदर, मांडीवर बोचकं, बोचक्यावर दोन्ही हात. चेहरा भाजलेल्या विटेसारखा झाला होता. वरच्या ओठावर घामाचे थेंब. ती समोरच्या काचेतून सरळ बघत होती, एस.टी. सुटायची वाट बघणारी माणसं बघतात तशी.

"आई."

तिनं मान वळवली. आधी सईकडं बघितलं. बराच वेळ. मग माझ्या पायांकडं.

"पानी सुटलंय व्हय तुमच्यात?"

"हो."

"मग भरायचं सोडून खाली कशाला आलीस?"

"तू वर का नाही आलीस?"

"मला वाचता येतंय व्हय?" ती म्हणाली. "ह्यानं वाचून दावलं. लई मोठ्ठं लिवलंयस. मला त्येच्यातलं येकच कळलं, आनलेलं परत. म्हनलं, परतच न्ह्यायचं तर तीन मजलं चढवायचं कशाला. हितंच बसावं."

"काय आणलंयस?"

"बाळंतविडा."

माहेरची माणसं बाळ-बाळंतिणीसाठी आणतात ते बोचकं. दुपटी, झबली, कुंची, आणि बाळंतिणीला डिंकाचे लाडू. बाराव्या दिवशी आणतात. तिनं तो एक वर्ष सांभाळला होता.

"आई, आता? या उन्हात डिंकाचे लाडू?"

"बाळंतपनाचं हायती. उनाचं न्हाईत."

मी एका हातानं दाराची मूठ ओढली. मूठ तापून लाल. दार हललं नाही.

"आतनं उघडत न्हाय त्ये," आई म्हणाली. "बाहिरनंच उघडतंय. तेबी दोन हातांनी उचलून वडावं लागतंय." मग तशीच समोर बघत, "म्या बगितलं दोनदा."

दोनदा. म्हणजे ती उतरायला निघाली होती.

दोन हात मोकळे करायला पोरगी कुठंतरी द्यायला हवी होती. मी तिला खिडकीतून आत दिलं. आईनं बोचक्यावरचे हात उचलून तिला घेतलं, आणि मांडीवर दुसरी जागाच नव्हती, त्यामुळं सई बोचक्यावर बसली. बसल्या बसल्या तिनं गाठीतून बाहेर आलेला एक लाल गोंडा पकडला आणि ओढला. गोंड्यामागून कुंची बाहेर आली. खणाची, आतून मऊ जुन्या लुगड्याचं अस्तर, काठाला हातशिलाईचे बारीक टाके.

मी पदरानं मूठ धरली, दार दोन्ही हातांनी उचललं, ओढलं. करकरत उघडलं. आतली गरम हवा माझ्या तोंडावर आली.

"उतर, आई. वर चल."

"थांब जरा."

तिनं कुंची सईच्या डोक्यावर घातली. ती कानांच्या वरच अडकली. आईनं मागून ओढून बघितलं, पुढून ओढून बघितलं, बंद सैल करून बघितले. मग तळहातानं सईचं डोकं चाचपलं, कपाळापासून मानेपर्यंत, सावकाश, मेंढीच्या पाठीवरून हात फिरवून ती वजन सांगते तसं. घामोळं हाताला लागलं तिथं हात थांबला, आणि तिनं पदराच्या टोकानं ती मान टिपली.

"केवडं मोठ्ठं झालं गं डोस्कं," ती म्हणाली. माझ्याशी नाही, सईशी बोलत होती. "वरसात येवडं व्हतंय व्हय?"

सईनं कुंची ओढून काढली, तोंडात घातली. आई उतरली नाही. मीही पुन्हा म्हणाले नाही. जिन्यातून अक्का काहीतरी ओरडत होत्या, कुणाची तरी बादली भरून वाहत होती. मी दार उघडं धरून, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत, उन्हात उभी राहिले.